आर्ट्समध्ये पीएचडी झाली, आता युरोपात पोस्टडॉक: पैसे कसे वाटतात आणि अर्ज कसा करायचा

इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान यात पीएचडी केलेली आपली मुलं पोस्टडॉकचा, म्हणजे पीएचडीनंतर ठरावीक काळ करायच्या संशोधनाचा, विषय निघाला की आधीच हात टेकतात, म्हणतात ते सगळं सायन्सवाल्यांचं, आपल्याला कोण पैसे देणार. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं. युरोपियन युनियनची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक फेलोशिप, सगळे तिला एमएससीए म्हणतात, ती कुठल्याही देशाच्या माणसाला खुली आहे आणि तिच्यात पैसे वाटायची पद्धत नीट समजून घेतली तर निम्मी भीती तिथेच जाते.

पद्धत अशी की अर्ज आठ पॅनलमध्ये विभागतात आणि पॅनल आपणच निवडायचं. सामाजिक शास्त्रं आणि मानव्यशास्त्रं यांचं वेगळं पॅनल आहे. एकूण पैसे कुठल्या पॅनलला किती पात्र अर्ज आले त्या प्रमाणात वाटले जातात, मग प्रत्येक पॅनलची स्वतःची रँक लिस्ट लागते आणि पैसे पुरतील तिथपर्यंत वरून देत जातात. म्हणजे तुमची स्पर्धा फिजिक्सवाल्याशी नाहीच. सोपं आहे असं मात्र नाही, 2024 च्या कॉलला (कॉल म्हणजे अर्ज मागवायची फेरी) 10,360 अर्ज आले आणि 1,696 जणांना मिळाली, 2025 ला तर अर्ज 17 हजारांच्या वर गेले.

सगळ्यात आधी पात्रता बघा. पीएचडी झालेली हवी, त्यानंतरचा संशोधनाचा अनुभव 8 वर्षांपेक्षा जास्त नको (बाळंतपणाची रजा, संशोधनाबाहेरची नोकरी यातून वजा होते, हे बऱ्याच मुलींना माहीतच नसतं). आणि ज्या देशात जायचंय तिथे डेडलाइनच्या आधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नको. पुण्यात बसलेल्याला हा नियम आडवा येत नाही, पण जर्मनीत नुकतीच पीएचडी संपवून जर्मनीतच थांबायचं म्हणणाऱ्याला येतो. नियम थोडेफार बदलतात, त्यामुळे त्या वर्षीचं गाइड वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग होस्ट शोधा, म्हणजे तुम्हाला ठेवून घेणारी तिथली संस्था आणि तिथे मार्गदर्शन करणारा सुपरवायझर. कॉल साधारण एप्रिलमध्ये उघडतो, सप्टेंबरमध्ये बंद होतो, पण सुपरवायझरला मेल जानेवारी-फेब्रुवारीतच गेला पाहिजे. मेल छोटा, आणि त्यात "तुमच्याकडून शिकायचंय" एवढंच नको, तुम्ही काय घेऊन येताय तेही हवं. समजा तुम्ही मोडी वाचता आणि समोरचे लिस्बनमध्ये पोर्तुगीज कागदांवर काम करतात, तर दोघांनी एकमेकांना काय द्यायचं याला अर्जात खरोखर मार्क आहेत.

आता मुख्य काम, 10 पानांचं प्रपोजल. ते तीन तज्ज्ञ आधी वेगवेगळं वाचतात, मग एकमताने स्कोअर ठरवतात. तिघांपैकी एखाद्याने तुमच्या विषयाचं नावही ऐकलेलं नसेल, त्यालाही कळलं पाहिजे. मी ओळखीच्यांचे मसुदे वाचते तेव्हा पहिलं वाक्य हमखास असतं, "वसईच्या इतिहासाला अनन्यसाधारण महत्त्व आहे." हे खोडा. त्याऐवजी लिहा, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तिथल्या ख्रिस्ती कुळांच्या जमिनींचं काय झालं, हे मी पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद आणि लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो या सरकारी दफ्तरखान्यातले पोर्तुगीज कागद शेजारी शेजारी ठेवून तपासणार. प्रश्न, साधनं, जागा, सगळं एका दमात आलं.

मार्क असे: संशोधनाची गुणवत्ता 50 टक्के, परिणाम 30, अंमलबजावणी 20. आपली माणसं त्या 20 मध्ये मार खातात, कारण पाचवं सहावं पान येईपर्यंत दमलेली असतात. हिशोब करून बघा. पाचपैकी 4.8, 4.6 आणि 4.2 मिळाले तर एकूण 92.4 होतात, शेवटचा 4.2 चा 4.8 केला तर 94.8, आणि कट-ऑफच्या आसपास एकेका मार्काने निकाल फिरतो. म्हणून कामाचा तक्ता महिन्यानुसार काढा, कुठल्या महिन्यात कुठलं दफ्तर. अडचणी खऱ्या लिहा: परवानगी उशिरा मिळाली तर काय, मोडी वाचायला ठरल्यापेक्षा दुप्पट वेळ लागला तर आधी कुठले कागद घेणार. मुलाखती घेणार असाल तर लोकांची माहिती कशी जपणार हेही लिहा, एथिक्सचा भाग रिकामा सोडू नका.

बजेट मात्र मांडावं लागत नाही. दर ठरलेले असतात, 2024 च्या कॉलला राहण्याचा भत्ता महिना 5,080 युरो आणि स्थलांतराचे 600 होते. यातला पहिला आकडा देशानुसार कमी-जास्त होतो आणि त्यातूनच होस्टच्या वाट्याचे कर कापले जातात, तेव्हा हातात किती येणार हे होस्टला आधीच विचारा.

डेडलाइन ब्रुसेल्सची संध्याकाळी 5 ची, म्हणजे आपली रात्री साडेआठ. दोन दिवस आधीच एकदा सबमिट करून ठेवा, वेळ संपेपर्यंत नवीन फाइल टाकता येते. निकाल साधारण फेब्रुवारीत लागतो आणि सोबत तज्ज्ञांचा रिपोर्ट येतो. नाही मिळाली तर त्यातल्या उणिवा एकेक करून वहीत उतरवा आणि त्या घेऊनच सुपरवायझरशी बोला, पुढचा कॉल उघडायला तेव्हा जेमतेम दोन महिने असतात.