एकमेकांवर प्रीती कशी करावी: गोव्यातील मराठी भाषक ख्रिस्ती मंडळींसाठी काही मार्गदर्शन

योहानकृत शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांना एकमेकांवर प्रीती करण्याची आज्ञा देतो आणि याच खुणेवरून तुम्ही माझे शिष्य आहात हे सर्व जण ओळखतील, असे सांगतो. ही आज्ञा कोणत्या वेळी दिली गेली, हे पाहण्यासारखे आहे. येशूने शिष्यांचे पाय धुवून झाले होते आणि ज्यांचे पाय धुतले गेले त्यांत त्याला धरून देणारा यहूदाही होता. तो नुकताच उठून रात्रीच्या अंधारात बाहेर पडला होता, आणि आज्ञेनंतरच्या चारच वचनांत पेत्र आपल्याला नाकारणार असल्याचे येशू बोलून दाखवतो. म्हणजे एकमेकांशी उत्तम जमणाऱ्या माणसांना ही आज्ञा दिलेली नाही. लूकच्या वृत्तान्तानुसार ज्यांच्यात त्याच भोजनाच्या वेळी मोठा कोण यावरून वाद झाला होता आणि जे काही तासांतच पांगणार होते, त्यांना ती दिलेली आहे. म्हणून आपल्या मंडळीतील माणसे आपल्याला आवडत नाहीत, ही सबब इथे चालत नाही.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करणे बरे. प्रीती हा तारणाचा मोबदला नव्हे. देवाने आधी केलेल्या प्रीतीचा तो पुरावा आहे. योहान आपल्या पहिल्या पत्रात म्हणतो की आपण बंधूंवर प्रीती करतो यावरून आपण मरणातून जीवनात आलो आहोत हे आपल्याला कळते, आणि जो डोळ्यांना दिसणाऱ्या भावाचा द्वेष करतो त्याने न दिसणाऱ्या देवावर प्रीती असल्याचा दावा करू नये. ही कसोटी दूरच्या माणसाच्या बाबतीत लावलेली नाही. गोव्यात आपण धार्मिक सलोख्याचा रास्त अभिमान बाळगतो. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मरियामातेच्या, फेस्ताला हिंदू भाविकही तेल घेऊन येतात, हे आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. परंतु त्याच गोव्यात वाटणीवरून अबोला धरलेले सख्खे भाऊ फेस्ताच्या मिस्सेला चर्चच्या दोन टोकांना बसतात, याची चर्चा मात्र आपण टाळतो. शेजारधर्म आणि शत्रूवरील प्रीती यांचे महत्त्व कमी नाही. पण विश्वासाची खूण म्हणून येशूने जे नेमून दिले ते आपल्याच बाकावर तपासले जाते.

नावांपासून सुरुवात

एक कागद घ्यावा आणि आपल्याच मंडळीतील पाच-सहा माणसांची नावे लिहावीत. चेहरा ओळखीचा असूनही जिचे नाव ठाऊक नाही अशी एक व्यक्ती, जिच्यासमोर जाणे आपण टाळतो अशी एक, एकटी राहणारी एक आणि कामासाठी नुकतेच गोव्यात आलेले एखादे कुटुंब या यादीत असावे. पहिल्या व्यक्तीचे नाव विचारूनच लिहावे लागेल, आणि तोच पहिला धडा आहे. सर्वांवर प्रीती करणे सोपे असते, कारण ‘सर्व जण’ कधी उसने पैसे मागायला दारात येत नाहीत. यादीतील माणसांसाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करावी. पण प्रार्थनेनंतर पुढच्या आठ दिवसांत त्यांपैकी निदान एकाच्या घरी पाऊल पडावे, असा नेम ठेवावा.

गरज मागण्यापूर्वी ओळखावी

उघड्या आणि उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा’ असे म्हणून रिकाम्या हाताने पाठवणाऱ्या माणसाबद्दल याकोब आपल्या पत्रात जे लिहितो, ते वाचताना अनेकदा हसू येते. मात्र आपले ‘काही लागले तर सांगा हं’ हे वाक्य त्याच जातीचे आहे. ज्याला लागते तो सहसा सांगत नाही. म्हणून गरज कधी येणार, याचा अंदाज आपणच बांधावा, आणि गोव्यात तो बांधणे कठीण नाही. मे महिन्यात कौलारू घराची शाकारणी करावी लागते, पावसाळ्याचे पुरुमेंत, म्हणजे साठवणीचे जिन्नस, भरावे लागते, जूनमध्ये मुलांची शाळा, वह्या आणि रेनकोट यांचा खर्च एकदम अंगावर येतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, तर किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये आणि हॉटेलांत हंगामी काम करणाऱ्यांची मिळकत पावसाबरोबर आटते. तेव्हा मंडळीने नाताळात जमवलेला निधी नाताळातच संपवण्यापेक्षा त्यातील मोठा भाग मेच्या मध्यासाठी राखून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा निधीची रीत जुनी आहे. इ.स. १९७च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्ती लेखक तेर्तुल्यन याने ख्रिस्ती लोकांच्या बाजूने लिहिताना सांगितले, की प्रत्येक जण महिन्यातून एकदा, इच्छा आणि ऐपत असेल तरच, थोडी रक्कम देतो आणि ती मेजवान्यांवर खर्च न होता गरिबांचे पोषण आणि दफन, अनाथ मुले, वृद्ध नोकर, जहाज फुटून निराधार झालेले लोक आणि विश्वासासाठी खाणींत वा तुरुंगांत पडलेले बंधू यांच्यासाठी वापरली जाते. ‘पाहा, हे एकमेकांवर किती प्रीती करतात’ हे बाहेरच्या लोकांचे उद्गार त्याने याच संदर्भात नोंदवले आहेत. लोकांच्या डोळ्यांत भरला तो हिशेब होता. आपणही दोन-तीन विश्वासू व्यक्तींकडे निधी सोपवावा, घेणाऱ्याचे नाव वेदीवरून किंवा व्हॉट्सअॅपच्या गटावर जाहीर करू नये, धान्याची पिशवी हातात देतानाचे छायाचित्र तर मुळीच काढू नये, आणि दिलेली रक्कम मनातल्या मनात कर्ज म्हणून लिहून ठेवू नये.

वाटप कोणी करावे, याचेही उत्तर पवित्र शास्त्रात आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या ६व्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होते, अशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केले नाही. सात जण निवडले गेले आणि त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप गेले, असे दिसते. गोव्यातील ज्या मंडळीत कोकणी, मराठी आणि कन्नड बोलणारी कुटुंबे एकत्र येतात, तिथे हा उपाय जसाच्या तसा लागू करता येतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये राशोल येथे छापलेले ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत आहे, तेव्हा चर्चमधली मराठी ही काही कालची पाहुणी नव्हे. परंतु भाषेच्या जुनेपणाच्या आधारे कोणाचे आसन पुढे सरकवणे हा प्रीतीचा मार्ग नाही. वास्कोच्या किंवा फोंड्याच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या नव्या कुटुंबाला ‘भायले’ (बाहेरचे) न म्हणता निधीच्या समितीत बसवावे.

आजारपण आणि एकटेपण

बाणावली येथे १६५१ मध्ये जन्मलेले संत जोझेफ वाझ १६९७ मध्ये श्रीलंकेतील कँडीत देवीची साथ आली तेव्हा तिथेच राहिले आणि घरच्यांनी टाकून दिलेल्या रुग्णांची शुश्रूषा त्यांनी स्वतःच्या हातांनी केली. आपल्याकडून इतक्या मोठ्या त्यागाची अपेक्षा बहुधा कोणी करत नाही. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, दाखल असलेल्या रुग्णाजवळ एक रात्र थांबणे मात्र आपल्याला जमण्यासारखे आहे. पेडणे, सत्तरी किंवा थेट सिंधुदुर्गातून आलेल्या नातेवाइकांना कपडे बदलायलाही घरी जाता येत नाही. त्यांना ‘मंगळवारी रात्री मी बसतो, तुम्ही जाऊन झोपा’ असे दिवस आणि काम ठरवून सांगावे. भेट लहान असावी, आजाराच्या भयकथा सांगू नयेत, आणि प्रार्थना रुग्णाला विचारून करावी.

ज्यांची मुले आखातात, बोटीवर किंवा इंग्लंडमध्ये आहेत, अशा वृद्धांच्या गरजा बहुतेक वेळा किरकोळ दिसतात: गॅस सिलिंडर बदलणे, नोव्हेंबरमध्ये पेन्शनसाठी हयातीचा दाखला देण्यास बँकेत नेणे, वीज गेली असता फोन करून चौकशी करणे. ही कामे तरुण मंडळाने वाटून घ्यावीत आणि कोणाकडे कोणते घर आहे, हे लिहून ठेवावे; ठरवलेले नसेल तर प्रत्येकाला वाटते की दुसरा गेला असेल.

कोणाबरोबर जेवतो

याविषयी बोलणे गोव्यात अवघड जाते, म्हणून ते थोडक्यात आणि स्पष्ट सांगतो. धर्मांतराच्या चार शतकांनंतरही बामण, चार्डो आणि सुदीर हे जातींचे भेद आपल्यात शिल्लक आहेत. अनेक ठिकाणी कोन्फ्रारियाचे, म्हणजे चर्चच्या बंधुसंघाचे, सदस्यत्व दीर्घकाळ जातीवर ठरत आले, आणि लग्न जुळवताना आजही पहिला प्रश्न तोच असतो. अंत्युखियात पेत्र विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या, बंधूंबरोबर जेवत असे. यरुशलेमेहून काही जण आल्यावर तो मागे सरला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमोर दोष दिला. जेवणाचे ताट ही पौलाला शुभवर्तमानाची बाब वाटली. करावयाचे काम साधे आहे: ज्यांच्या घरी आपल्या घराण्यातले कोणी जेवलेले नाही, त्यांना जेवायला बोलवावे आणि त्यांचे आमंत्रण आले तर जावे. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आपल्या मुलाचे किंवा मुलीचे लग्न ठरवताना जातीचा प्रश्न आपण स्वतः विचारू नये.

तंटा मिटवताना

गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत प्रीतीची खरी परीक्षा भाट (माडांची बाग) आणि घर यांच्या वाटणीत होते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आलेल्या वारसाहक्काच्या व्यवस्थेत मुलगे आणि मुली यांचा हक्क समान आहे आणि संपत्तीचा अर्धा भाग सक्तीच्या वारसांसाठी राखीव असतो. ही न्याय्य गोष्ट आहे. मात्र पिढ्यान्‌पिढ्या वाटणी न झालेल्या एका घरावर अनेकांची नावे येतात, त्यांतले काही परदेशी असतात, आणि इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांमधील वाटणीचा, दावा मुलांच्या हाती जातो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ६व्या अध्यायात पौल भाऊ भावावर खटला भरतो याची लाज वाटावी असे म्हणतो आणि त्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसत नाही, असे विचारतो. या वचनाचा वापर कमजोर बाजूला, विशेषतः बहिणींना, हक्कसोड लिहून देण्यास भाग पाडण्यासाठी केला जातो. तो सरळसरळ गैरवापर आहे. अन्याय सोसण्याचे आमंत्रण आधी त्याला आहे, ज्याच्या ताब्यात घर आणि माड आहेत.

प्रत्यक्षात काय करावे? मत्तयच्या १८व्या अध्यायातील क्रम पाळावा: आधी एकट्याने भेटावे, मग एक-दोन जणांना सोबत न्यावे, आणि शेवटी मंडळीपुढे प्रश्न ठेवावा. आपण बहुधा हा क्रम उलटा करतो आणि ज्याच्याशी वाद आहे त्याच्या कानावर आपली तक्रार सर्वांत शेवटी पडते. भेटायला जाताना कागद बरोबर न्यावेत. केवळ आठवणींवर बोलल्यास आईने कोणाला काय वचन दिले होते, यापलीकडे चर्चा जात नाही. मध्यस्थ दोन्ही बाजूंनी मिळून निवडावा आणि त्याला त्या जमिनीत कसलाही लाभ नसावा. वकिलाचा सल्ला घेण्यात पाप नाही, आणि सर्वांच्या संमतीने केलेली इन्व्हेंटरी हा तर पुढच्या पिढीवर केलेला उपकारच आहे. दावा कोर्टात गेलाच तरी एकमेकांच्या घरचे मरण, लग्न आणि बाप्तिस्मा चुकवू नये, आणि चुलत भावंडांना एकमेकांशी बोलण्यास मनाई करू नये. समोरची बाजू दार उघडत नसेल, तर पौलाने रोमकरांस लिहिलेले ‘तुमच्याकडून होईल तितके’ हे शब्द आपली मर्यादा ठरवतात. वर्षातून एकदा तरी, नाताळात नेवऱ्या आणि दोदोल घेऊन का होईना, त्या दारापर्यंत जावे.

जिथे झाकणे हे प्रीतीचे काम नाही

‘प्रीती पापांची रास झाकून टाकते’ हे पेत्राच्या पत्रातील वचन घरातील मारहाण, मुलांवरील अत्याचार किंवा मंडळीच्या पैशांचा अपहार दडपण्यासाठी लावू नये. मत्तयच्या १८व्या अध्यायातील खासगी भेटीचा क्रमही इथे लागू होत नाही. मार खाणाऱ्या स्त्रीला आधी नवऱ्याशी एकट्याने बोल, असे सांगणे क्रूरपणाचे आहे. अशा वेळी तिला आणि मुलांना सुरक्षित घरी न्यावे, तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ या क्रमांकांवर फोन करावा, आणि पोलिसांत तक्रार देताना मंडळीतील कोणीतरी सोबत जावे. क्षमेचा विषय तिने काढला तरच बोलावा. तक्रारीनंतर पुढच्या रविवारी ती उपासनेला आली, तर तिच्या शेजारी कोण बसणार आणि मुलांना घरी कोण सोडणार, हे पाळकांनी किंवा धर्मगुरूंनी शनिवारीच ठरवून ठेवावे.