नाताळची कँडी केन घरी करताना: पाक साखरू देऊ नका

होळीच्या हार-कड्यांचा पाक साखरावा लागतो. साच्यात ओतल्यावर तो पांढरा, रवाळ झाला की दाताखाली भुगा होतो, आणि हार तसाच हवा असतो. नाताळच्या लाल-पांढऱ्या कँडी केनचं, म्हणजे टोक वाकवलेल्या साखरेच्या काठीचं, याच्या नेमकं उलट आहे. तिच्यात साखरेचा एक दाणाही परत जमता कामा नये. ही गोष्ट सांभाळली की बाकी सगळं हाताच्या सवयीनं जमतं.

साधारण 25 काठ्यांसाठी अर्धा किलो साखर, 200 ग्रॅम लिक्विड ग्लुकोज आणि 120 मिली पाणी घ्या. ग्लुकोज बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. पाकाला साखरण्यापासून तेच अडवतं, म्हणून ते वगळू नका. अगदीच नाही मिळालं तर एक चहाचा चमचा लिंबाचा रस घाला, पण त्या काठ्या लवकर चिकट होतात. बोअरचं जड पाणी वापरू नका, त्यात पाक पिवळट पडतो. फिल्टरचं घ्या.

साखर विरघळेपर्यंतच ढवळा. उकळी आली की चमचा बाहेर. पातेल्याच्या कडेला उडालेले साखरेचे कण ओल्या ब्रशनं खाली उतरवत राहा. असा एक कण जरी पाकात पडला तरी त्याच्याभोवती सगळा पाक दाणे धरतो. थर्मामीटरवर 145 अंश आले की गॅस बंद. थर्मामीटर नसेल तर चिक्कीची परीक्षा करा: थेंब गार पाण्यात टाका, काढून वाकवा. वाकला तर पाक कच्चा, कट्‌कन मोडला तर तयार. तळाशी सोनेरी झाक दिसली तर उशीर झालाय, त्या पाकाला शुभ्र रंग येणार नाही.

तेल लावलेल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर पाक ओता. कडा घट्ट व्हायला लागल्या की खाण्याचं पेपरमिंट तेल पाव चमचा, म्हणजे वीसेक थेंब घाला. उकळत्या पाकात घातलं तर वास उडून जातो. एक तृतीयांश गोळा वेगळा काढून त्यात लाल जेल रंग मिसळा. पाण्याचा पातळ रंग नको, त्यानं पाक मऊ पडतो.

आता ओढणं. आत सुती आणि वर रबरी हातमोजे घाला, मुलांना दूर ठेवा. हा पाक कातडीला चिकटून भाजत राहतो. भाजलंच तर आधी वाहत्या गार पाण्याखाली हात धरा. मोठा गोळा ओढा, दुमडा, पुन्हा ओढा. पहिल्या दहा वेळा काहीच बदललेलं दिसत नाही. मग काचेसारखा पिवळसर गोळा धुरकट होतो, आणि चाळीस-पन्नास वेळा ओढल्यावर त्यावर रेशमाच्या लडीसारखी चमक येते. तो पांढरा रंग पाकात कोंडलेल्या हवेचा असतो. चमक आली की थांबा, पुढे ओढत राहिलात तर गोळा कोरडा पडून ठिसूळ होतो.

हे काम दोघांचं आहे. खान्देशात डिसेंबरची हवा कोरडी, म्हणून काठ्या चांगल्या टिकतात, पण थंडीनं गोळा हातातच कडक होतो. थांबलेला गोळा 90 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा. ओव्हन नसेल तर मंद आचेवर जाड तवा, त्यावर उपडी ताटली, त्यावर तेल लावलेला बटर पेपर.

पांढऱ्या लोळीवर लाल दोऱ्या लांबीनं चिकटवा, एका टोकाकडून बोटाएवढी जाड वात ओढा, पीळ द्या, तेल लावलेल्या कात्रीनं 18 सेंटिमीटरवर कापा आणि लगेच मेंढपाळाच्या आकडीसारखं टोक वाकवा. काठी मोडते ती बहुतेक इथेच, गार झाल्यामुळे. कारखान्यांनाही हाच त्रास होता. अमेरिकेत जॉर्जियातल्या ऑल्बनीच्या मॅककॉर्मॅक यांच्या कारखान्यासाठी त्यांचे मेहुणे, धर्मगुरू ग्रेगरी केलर, यांनी 1950 च्या दशकात यंत्र तयार केलं. 1670 साली कोलोनच्या चर्चमध्ये मुलांना शांत बसवायला या काठ्या दिल्या, ही गोष्ट फार सांगतात. तिला त्या काळचा पुरावा नाही. लाल पट्टे तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे, त्याआधी काठ्या पांढऱ्याच असत.

गार झाल्या झाल्या सेलोफेनमध्ये गुंडाळा. भुसावळ असो की नवापूर, झाडावर उघडी साखर टांगली की मुंग्या येणारच. झाडाची कुंडी पाण्याच्या परातीत विटेवर ठेवा आणि फांद्या भिंतीला टेकू देऊ नका. विजेच्या माळेच्या बल्बपासून काठी चार बोटं लांब असू द्या.

मोडलेल्या तुकड्यांचा खलबत्त्यात जाडसर कूट करा. नानकटाईवर तो सुरुवातीलाच घातला तर वितळून ट्रेला चिकटतो. भट्टीतून काढायच्या दोन मिनिटं आधी भुरभुरवा.