इंजिनात दोष असलेली जुनी मोटरसायकल घ्यावी की सोडावी?

‘इंजिनाचे थोडे काम आहे’ एवढेच सांगून विकायला काढलेल्या मोटरसायकलची किंमत मोहात पाडते. परंतु त्या थोड्या कामात कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) साफसफाईपासून क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडा) बदलण्यापर्यंत काहीही निघू शकते. म्हणून दोषाचे नाव शोधत बसण्यापूर्वी तो इंजिनात किती खोलवर आहे, हे ठरवावे. कार्ब्युरेटर, प्लग, वायरिंग, बॅटरी किंवा पेट्रोलचा मार्ग यांतला दोष इंजिन न खोलता दूर होतो. त्याच्या पुढची पायरी हेड (सिलिंडरचे झाकण), वॉल्व्ह (त्यातल्या झडपा) आणि बोअर-पिस्टनची (सिलिंडरची आतली पोकळी आणि तीत सरकणारा दट्ट्या), म्हणजे मेकॅनिक ज्याला हाफ इंजिन म्हणतात ती. आणि सर्वांत खोल पायरी क्रँक, बेअरिंग व गिअर यांची, म्हणजे फुल इंजिन. प्रत्येक पायरीला खर्च एकदम वाढतो, आणि गाडी कोणत्या पायरीवर आहे याचा अंदाज इंजिन न उघडताही बऱ्यापैकी बांधता येतो.

गाडी पाहायला जाण्याआधी इंजिन सुरू करून ठेवू नये, अशी विनंती मालकाला आवर्जून करावी आणि पोहोचताच इंजिनावर हात ठेवून पाहावा. ते गरम लागले, तर थंड इंजिन सुरू होताना होणारा त्रास आणि पहिल्या काही सेकंदांचा धूर या दोन्ही गोष्टी आपल्याला दिसणार नाहीत; अशा वेळी पाहणी दुसऱ्या दिवसावर ढकललेली बरी.

इंजिन सुरू होत असेल, तर धूर नीट पाहावा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जात आहे, आणि हा दोष बहुतेक वेळा बाहेरचाच असतो. थंडीत सुरुवातीला दिसणारी पांढरी वाफ थोड्या वेळाने थांबत असेल, तर तिची चिंता नको. मात्र पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात ती थांबतच नसेल, तर हेड गॅस्केटमधून (हेडखालच्या सीलमधून) पाणी सिलिंडरमध्ये उतरत असण्याचा संभव आहे. फोर-स्ट्रोक इंजिनातला निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. तो केवळ सुरू करताना किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दिल्यावर येत असेल, तर संशय वॉल्व्ह सीलवर (वॉल्व्हपाशी ऑइल अडवणाऱ्या सीलवर) घ्यावा. रेस वाढवताना सतत येत असेल, तर पिस्टन रिंग (पिस्टनभोवतीच्या कड्या) किंवा बोअर झिजलेला असण्याची शक्यता अधिक. टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबरच जळते, त्यामुळे थोड्या धुराचा तेथे बाऊ करू नये.

ऑइलची तपासणी बरेच जण पट्टीवरची पातळी पाहून संपवतात, हे मला फार अपुरे वाटते. ऑइलचा एक थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्यात चोळून उजेडात धरावा. रंग काळा असणे स्वाभाविक आहे. पण त्यात चमकणारे बारीक धातूकण दिसले, तर आत काहीतरी घासले जात आहे. दुधी रंग पाणी मिसळल्याचे सांगतो, आणि पेट्रोलचा उग्र वास येऊन ऑइल पातळ लागले, तर कार्ब्युरेटरची फ्लोट सुई (पेट्रोलचा प्रवाह थांबवणारी सुई) गळत असण्याचा संभव असतो. अशा पातळ ऑइलवर गाडी बराच काळ चालली असेल, तर सुईचा किरकोळ दोष बेअरिंगपर्यंत पोहोचलेला असू शकतो.

सर्वांत खात्रीचा पुरावा कॉम्प्रेशन टेस्टर, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारे साधन, देतो, आणि तो मिळवण्याची खटपट करणे योग्य ठरते. प्लग काढून त्या जागी टेस्टर घट्ट बसवावा, इग्निशन बंद ठेवावे, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा धरावा आणि काटा वर जायचा थांबेपर्यंत किक किंवा स्टार्टर मारावा. बऱ्याच फोर-स्ट्रोक इंजिनांत आकडा 120 ते 180 पीएसआयच्या दरम्यान येतो. तथापि त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील आकडाच प्रमाण मानावा, कारण काही इंजिनांत सुरू करणे सोपे व्हावे म्हणून दाब मुद्दाम कमी केलेला असतो. आकडा कमी आला, तर प्लगच्या छिद्रातून लहान चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आता दाब ठळकपणे वाढला, तर गळती रिंगमधून आहे. जवळपास तेवढाच राहिला, तर ती वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमधून आहे. मात्र हेड खोलण्याचा खर्च धरण्याआधी टॅपेटचे अंतर (वॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातली फट) तपासून घ्यावे, कारण टॅपेट फार घट्ट असतील, तर वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि निरोगी इंजिनही कमी दाब दाखवते.

आवाजाच्या बाबतीत जागा महत्त्वाची असते. वरून येणारी बारीक टिकटिक बहुधा टॅपेटची, बाजूची खळखळ टायमिंग चेनची. पण खालून येणारी आणि इंजिनावर भार पडताच वाढणारी जड ठकठक कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगची असू शकते. ती ऐकू आली, तर फुल इंजिनाचाच खर्च धरावा.

किक हलतच नसेल, तर गाडी धावता धावता बंद पडली की बराच काळ उभी राहून जॅम झाली, हे विचारावे. उभ्या गाडीत रिंग गंजाने चिकटलेल्या असतात आणि सिलिंडरमध्ये पातळ ऑइल सोडून काही दिवस वाट पाहिल्यास त्या कधी कधी सुटतातही. धावताना जॅम झालेल्या इंजिनात बोअर आणि पिस्टन दोन्ही ओरखडलेले असण्याची भीती जास्त असते.

इंजिन आधी उघडले गेले आहे का, हेही पाहावे. जोडावरून बाहेर आलेला सीलंट आणि झिजलेली बोल्टची डोकी ते सांगतात. उघडले असल्यास बोअर किती वेळा मोठा केला आहे, हे विचारावे. ओव्हरसाइज पिस्टन सहसा 0.25 मिलिमीटरच्या टप्प्यांनी मिळतात, आणि शेवटचा टप्पा आधीच वापरला असेल, तर नवी स्लीव्ह (सिलिंडरची आतली नळी) किंवा नवा सिलिंडर ब्लॉक लागतो. त्या मॉडेलचे सुटे भाग मिळतात की नाही, याची चौकशी व्यवहारानंतर नव्हे, आधीच करावी.

यानंतर हिशेब. त्याच मॉडेलच्या, चांगल्या चालणाऱ्या गाडीची किंमत घ्यावी; तीतून दुरुस्तीचा खर्च, टायर, चेन, ब्रेक, बॅटरी यांचा खर्च आणि गाडी बंद असतानाच्या गैरसोयीची भरपाई वजा करावी. दोष पक्का कळला नसेल, तर दिसतो त्यापेक्षा एक पायरी खोलचा दोष धरूनच ही वजाबाकी करावी, आणि मालक त्या किमतीला तयार नसेल, तर गाडी सोडून द्यावी. मालक कॉम्प्रेशन मोजू देत नसेल, तर थेट फुल इंजिन धरणे मला न्याय्य वाटते. कागदपत्रांवरील इंजिन व चेसिस क्रमांक जुळत नसतील किंवा चेसिस वाकलेली असेल, तर हिशेब करूच नये.

व्यवहार ठरलाच, तर खालून ठकठक येणारी किंवा ऑइलमध्ये धातूकण दिसलेली गाडी चालवत नेऊ नये. ती टेम्पोत चढवावी, कारण तेवढ्या प्रवासातही झिजलेला रॉड तुटून क्रँककेस फोडू शकतो.