रानभाज्यांचं पुस्तक छापायला देण्याआधी

ऐरोलीच्या मैत्रिणींनो, ठाणे-रायगडचा शेतमाल आणि रानभाज्या यांच्या पाककृतींचं पुस्तक तुम्ही काढताय आणि तयारी काय काय लागते ते विचारलंत. आमच्या ठाण्याच्या मंडळाने तीन वर्षांपूर्वी असंच पुस्तक काढलं होतं. 64 पानं, 300 प्रती. त्यातली एक पाककृती अर्धवट छापली गेली आणि त्याचा त्रास खाणाऱ्यांना झाला. त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

वह्या, वर्गणी, व्हॉट्सॲपचा गट हे सांगायला नको.

आधी भाज्यांचं वेळापत्रक मांडा. आम्ही दिवाळीनंतर बसलो आणि मार्चअखेर छापायला दिलं, सगळ्या चुकीचं मूळ तिथेच. शेवळं, म्हणजे सुरणाच्या कुळातली रानभाजी, पहिल्या पावसाच्या आगेमागे जेमतेम दोन-तीन आठवडे दिसतात. मागून टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी येते आणि जुलै-ऑगस्टात कंटोळी. भात कापल्यावर त्याच जमिनीच्या ओलीवर वाल पेरतात, त्याच्या शेंगा थंडीत भरतात. पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, लावायची तीही तेव्हाच, भांबुर्ड्याचा पाला घालून. मोहाची फुलं मार्च-एप्रिलला, करवंदं-जांभळं मे-जूनला. म्हणजे मे महिन्यात सुरुवात केलीत तर पुढचा मे येईपर्यंत प्रत्येक वस्तू एकदा हातात येते. घाई करू नका. हंगाम निघून गेला की फोटो मिळत नाही हे एक, पण त्याहून मोठं म्हणजे ती भाजी करून बघता येत नाही. आमचं नेमकं तेच राहिलं.

पाककृती फोनवर घेऊ नका. जिची आहे तिच्या घरी जा, ओट्याजवळ उभ्या राहा, ती करत असताना लिहा. सोबत छोटा वजनकाटा न्या. ती मूठभर म्हणाली की तिची मूठ काट्यावर ठेवा. रानभाजी वाट्याने नाहीतर जुडीने मिळते, आणि जांभळी नाक्यावरची जुडी व तुमच्याकडची जुडी सारखी नसते, म्हणून निवडल्यावर किती ग्रॅम उरली ते लिहा. मसाल्याचं तर फार जपा. ‘दोन चमचे घरचा मसाला’ असं छापलं की वाचणारी दोन चमचे मिरचीपूड घालणार. आगरी घरातला मसाला वेगळा, सीकेपींचा वेगळा. त्यात काय काय पडतं ते एकदा तरी सविस्तर द्या.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक पाककृती परक्या हाताने करून बघा. लिहिणारीने किंवा देणारीने केलेली मोजायची नाही. परक्या हाताने, नुसता कागद समोर ठेवून.

आमची चूक शेवळाच्या भाजीत झाली. देणाऱ्या आजी सत्तरीच्या पुढच्या, त्यांच्या हाताला अतिशय चव. त्यांनी सांगितलं ते मी स्वतः उतरवून घेतलं: वरची पानं सोडवा, आतल्या दांड्याचा पिवळा भाग टाकून द्या, बारीक चिरा, तेलावर परता, भिजवलेले सोडे घाला, शेवटी खोबरं. काकडं त्या बोलल्या नाहीत, आणि मी विचारलं नाही. शेवळं विकणारी कातकरी बाई वर्षानुवर्षं त्यांच्या पिशवीत जुडीसोबत मूठभर काकडं टाकत आलेली. शेवळं म्हणजे काकडं आलीच, ती वेगळी कशाला सांगायची! हिरवी, छोटी, आंबट फळं ती. ठेचून, पाण्यात कुसकरून त्यांचा रस भाजीत घालतात. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, सुरणात आणि अळूत असतात तेच, त्यांनी घसा खाजतो. आंबट पडल्याशिवाय ती खाज मरत नाही.

चार वेळा मुद्रितं तपासली आम्ही. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, सगळं. चारही वेळा शेवळाचं पान वाचलं आणि पुढे गेलो. जूनमध्ये घोडबंदरच्या एका तरुण जोडप्याने पुस्तक उघडून, मापं काटेकोर घेऊन भाजी केली. दुसऱ्या घासाला जीभ आणि घसा खाजायला लागला, काटे रुतल्यासारखं होत राहिलं, रात्रभर झोप नाही. सकाळी त्या मुलीचा फोन आला, आवाज बसलेला. ती रागावली नाही. “काकू, माझं काय चुकलं?” एवढंच विचारत होती. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तोवर 180 प्रती घराघरांत गेल्या होत्या. उरलेल्या प्रतींत दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, बाकीच्यांना एकेक फोन केला. सगळ्यांपर्यंत पोचलो असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

म्हणून चाचणी करणारी निवडताना ज्या घरात ती भाजी कधी शिजलेली नाही अशी निवडा. विदर्भातून आलेली शेजारीण, घाटावरची सून, कॉलेजातला मुलगाही चालेल. त्याला फक्त कागद द्या. देणारीला फोन लावायचा नाही, तुम्हीही शेजारी उभं राहून सुचवायचं नाही. जिथे तो थांबेल तिथे लाल पेनने खूण करायला सांगा: ‘किती वेळ?’, ‘कसलं पाणी?’, ‘हे टाकायचं की ठेवायचं?’ त्या खुणा भरून काढल्यावर पुन्हा एकदा, दुसऱ्याच परक्या हाताने. मग कागदाच्या खाली त्याची सही आणि तारीख. साधी भेंडीची भाजी असली तरी सही हवी. ‘हे सगळ्यांना येतं’ असं ज्या पाककृतीबद्दल वाटेल तिची चाचणी आधी घ्या, न सांगितलेलं तिथेच जास्त असतं. फोडशीतला कडक दांडा काढायचा, भारंगी उकडून पिळून घ्यायची, वाल मोड आणून सोलायचे, हे रोज करणारी बोलत नाही.

रानभाजीचा फोटो शिजवलेल्या ताटाचा एक आणि निवडण्याआधीचा एक घ्या. टाकून द्यायचा भाग वेगळा काढून त्याचाही घ्या. ओळखीची खात्री विकणाऱ्या बाईकडूनच करून घ्या. तिचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका, माहिती घेतलीत तर भाजी विकत घ्या, पुस्तक निघालं की एक प्रत नेऊन द्या. काकडांचं आम्हाला शेवटी अशाच एका बाईने समजावलं, स्टेशनबाहेर पाटी घेऊन बसलेली असताना. तिला आधी विचारायला हवं होतं.

मुरबाड-शहापूरला शेतावर जाल तेव्हा वाणाचं नाव शेतकरी जे सांगेल तेच लिहा, दुकानातलं नको. वाडा कोलम तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालंय, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मालालाच लावता येतं, तेव्हा कुठल्याही बारीक तांदळाला ते नाव देऊ नका. शिवाय वाडा तालुका 1 ऑगस्ट 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे, आम्ही ठाणे छापलं होतं. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यालाही मानांकन आहे, साध्या पांढऱ्या कांद्याला अलिबागचा म्हणू नका.

तुमच्याकडचं एक काम मात्र आमच्यापेक्षा तातडीचं आहे. नवी मुंबई वसवणारी सिडको 1970 साली आली, पुढे भातशेती आणि मिठागरं गेली. दिवाळे, करावे, घणसोली, तुमचं ऐरोली गाव, तिथल्या ज्या आज्यांनी स्वतः भात लावलाय त्यांच्याकडे आधी जा. वळगणीचे (पहिल्या पावसात शेतात चढणारे) मासे, खाडीतल्या निवट्या, चिंबोऱ्या, नव्या तांदळाची भाकरी, हे त्यांच्या हातून लिहून घ्या. आमच्या यादीतल्या दोघी पुस्तक निघायच्या आधीच गेल्या. आणि त्यांच्याही पाककृतींना तीच अट: परक्या हाताने करून बघा. आजींचा मान राखायचा म्हणून चाचणी टाळाल, तसं करू नका. आम्ही तेच केलं होतं.

छपाईचं थोडक्यात सांगते. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, छापखान्याची पीडीएफ पुन्हा वाचा, जोडाक्षरं आणि रफार तिथे तुटतात. पानं 16 च्या पटीत ठेवा. बांधणी शिवणीची घ्या, नुसती चिकटवलेली ओट्यावर उघडी राहत नाही. आयएसबीएनला (पुस्तकाच्या नोंदणी क्रमांकाला) पैसे लागत नाहीत, पण वेळ जातो, आधीच अर्ज करा. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रती कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय वगैरेंना पाठवाव्या लागतात, त्या मोजून बाजूला काढा. किंमत, प्रकाशन तुमचं तुम्ही ठरवा.

फाइल पाठवायच्या दिवशी सगळे चाचणीचे कागद टेबलावर मांडा. ज्यावर परक्या हाताची सही नाही ते पान काढा, पुस्तक 16 पानांनी कमी झालं तरी चालेल. शेवळाचं पान मला पाठवा, मी वाचून देते.