शिडाच्या बोटीवर घर: बंदरात राहून दुरुस्ती कशी सांभाळावी

शिडाच्या बोटीवर राहायला जाणारे बहुतेक जण समुद्राची तयारी करून येतात. वारा, नांगर, नकाशे, सगळ्याचा अभ्यास झालेला असतो. प्रत्यक्षात वर्षातले कितीतरी महिने बोट धक्क्याला बांधलेली असते आणि ती पुढच्या हंगामात कशी चालणार, हे तिथेच ठरतं. २०१७-१८मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’वरून पृथ्वीप्रदक्षिणेला गेल्या. बोट गोव्यात बांधलेली, नवी, उत्तम निगा राखलेली. तरी परतीच्या टप्प्यात सुकाणूची यंत्रणा बिघडली आणि ठरलेलं नसताना मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात थांबावं लागलं. खारं पाणी कुणाचीच गय करत नाही. म्हणून बंदरातला मुक्काम हा दुरुस्तीचा हंगाम समजावा.

इथे कोचीचं उदाहरण धरलं आहे. मुंबईत गेटवेसमोरच्या बोटी उघड्या पाण्यात नांगरलेल्या असतात. पावसाळा आला की त्या तिथून हलवाव्याच लागतात. आपल्या कोकणात तर होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवायची रीतच आहे. कोचीचं बंदर मात्र खाडीच्या आत, जमिनीच्या आडोशाला आहे. बोळगट्टी बेटावर मरिना आहे आणि समोर एर्नाकुलमचा बाजार. पावसाळाभर बोट पाण्यातच ठेवून तिच्यावर राहायचं असेल, तर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ही सोयीची जागा. बोट दहा-अकरा मीटरची, फायबरची, डिझेल इंजिनची आणि राहणारी माणसं दोन, असं धरून पुढे जाऊ.

आधी बोट नीट बांधा

जागा घेण्याआधी मरिनाच्या कार्यालयात स्पष्ट विचारा: बोटीवर राहायची परवानगी आहे का, वीज-पाणी कसं मिळतं, धक्क्यावर घासकाम आणि रंगकाम चालतं का. फायबर घासण्याची धूळ शेजाऱ्याच्या बोटीवर गेली की तक्रार होणारच, आणि ती रास्तच असते.

बांधायला तीन पेडांचा नायलॉनचा दोर घ्या. तो ताणला जातो, त्यामुळे वाऱ्याचा झोत आला तरी क्लीटवर, म्हणजे दोर अडकवायच्या खुंट्यावर, झटका बसत नाही. शिडाचे न ताणणारे दोर इथे वापरू नका. दोर जिथे कडेला घासतो, तिथे जुन्या फायर होजचा तुकडा चढवा. कोचीत भरती-ओहोटीचा फरक जेमतेम मीटरभर असतो. मुंबईत उधाणाला तो साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. त्यामुळे मुंबईच्या पक्क्या धक्क्याला बोट बांधायची वेळ आली, तर दोराची लांबी पूर्णपणे वेगळी धरावी लागते.

मग पाणी बाहेर ठेवा

बाकी सगळं थांबू शकतं, हे थांबत नाही. बोटीच्या तळाला मुद्दाम पाडलेली भोकं असतात: इंजिनला थंड पाणी घ्यायला, संडासाला, सिंकच्या निचऱ्याला. प्रत्येकावर एक झडप असते, तिला सीकॉक म्हणतात. पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवरचा दीड इंची पाइप निसटला, तर मिनिटाला शंभर लिटरहून बरंच जास्त पाणी आत येतं. तळात साठलेलं पाणी उपसणारा ताशी दोन हजार लिटरचा बिल्ज पंप मिनिटाला तेहतीस लिटर फेकतो, तेही कागदावर. पंपावर विसंबून झोपता येत नाही, ते यामुळे.

पहिल्याच आठवड्यात सगळे सीकॉक शोधा आणि कागदावर त्यांचा नकाशा काढून दाराजवळ चिकटवा. दर महिन्याला प्रत्येक झडप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. जी फिरत नाही, तिला हातोडी मारू नका. बोट बाहेर काढल्यावरच्या कामांत तिची नोंद करा आणि तोवर तिच्यावरच्या पाइपवर रोज नजर ठेवा. झडपेचा पितळी रंग गुलाबीसर दिसायला लागला असेल, तर त्यातलं जस्त झिजून गेलंय आणि उरलंय ते ठिसूळ तांबं. अशी झडप बदलायचीच. पाइपवर क्लिप दोन हव्यात, ३१६ स्टीलच्या. प्रत्येक सीकॉकशेजारी त्याच मापाची लाकडी खुंटी सुतळीने बांधून ठेवा. रात्री अंधारात ती शोधत बसायला वेळ नसतो.

दुसरी जागा म्हणजे ग्लँड. इंजिनाचा शाफ्ट बोटीबाहेर पंख्याकडे (प्रोपेलरकडे) जातो, तिथे पाणी अडवणारी ही जागा. जुन्या पद्धतीच्या ग्लँडमध्ये मेण-चरबी लावलेलं दोरीसारखं पॅकिंग असतं आणि शाफ्ट फिरताना त्यातून मिनिटाला दोन-चार थेंब पडायलाच हवेत. ते थेंबच शाफ्टला थंड ठेवतात. इंजिन बंद असताना थेंब थांबला पाहिजे. बंद इंजिनातही गळत असेल तर लॉक नट सैल करा, मुख्य नट पाव फेरा आवळा, लॉक नट पुन्हा घट्ट करा. मग बोट धक्क्याला पक्की बांधलेली असतानाच इंजिन गिअरमध्ये टाकून दहा मिनिटं चालवा, बंद करा आणि ग्लँडला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर जास्त आवळलंय, थोडं सोडा. नट आवळायला जागाच उरली नाही की पॅकिंग बदलायची वेळ आली. नव्या पॅकिंगची प्रत्येक कडी वेगळी कापायची, टोकं तिरकी, आणि एकीचा जोड दुसरीच्या जोडावर येऊ द्यायचा नाही. जोड एका रेषेत आले की पाणी सरळ वाट काढतं. हे काम बोट पाण्यात असतानाही करतात, पण पहिल्यांदा करताना जाणता माणूस शेजारी असू द्या.

बिल्ज, म्हणजे तळाची खोलगट जागा, कोरडी आणि स्वच्छ ठेवा. रोज सकाळी फळी उचलून बघा. पाणी दिसलं तर जिभेला लावून बघता येतं: खारट असेल तर तळातून आलंय, गोड असेल तर पावसाचं किंवा टाकीचं. डिझेलचा तवंग दिसत असेल तर अर्थातच चाखू नका. कोचीत भर पावसाळ्यात खाडीचंच पाणी बरंच गोडं होतं, तेव्हा ही परीक्षा फसते. अशा वेळी बिल्ज पुसून कोरडी करायची, जागोजाग टिश्यूपेपर ठेवायचे आणि पहिला कोणता भिजतो ते पाहायचं.

वीज

बॅटरी लेड-ॲसिडची असेल तर तिला निम्म्याखाली उतरू देऊ नका. काही तास काहीही न चालवता मोजलेला दाब १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. डिस्टिल्ड वॉटर दर महिन्याला बघा. चार्जिंग चालू असताना बॅटरीच्या कप्प्यात हवा खेळती हवी, कारण त्यातून हायड्रोजन निघतो.

धक्क्यावरची वीज घेतली की नव्या माणसाला ठाऊक नसलेली एक गोष्ट घडते. अर्थिंगच्या तारेने तुमची बोट शेजाऱ्यांच्या बोटींना जोडली जाते, आणि पाण्यात बुडालेले सगळे धातू मिळून एक मोठी बॅटरी तयार होते. त्यात तुमचा पंखा आणि शाफ्ट झिजू शकतो. अर्थिंग तोडणं हा यावरचा उपाय नाही. त्याने जीव जाईल. अर्थिंग शाबूत ठेवून हा झिजवणारा प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवा आणि शाफ्टवरचे ॲनोड, म्हणजे पंख्याऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे, वेळेवर बदला. खाऱ्या पाण्यात जस्ताचे चालतात, पण कोचीसारख्या निमखाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमचे चांगले. निम्मे झिजले की बदलायचे, संपायची वाट पाहायची नाही.

वरून येणारं पाणी

केरळात मान्सून साधारण १ जूनला पोचतो. मे महिना डेकच्या गळतीला द्या. एक जण वर पाइपने खालून वर, थोडं थोडं पाणी मारतो. दुसरा आत टॉर्च घेऊन बसतो. आत थेंब जिथे पडतो तिथे भोक असेलच असं नाही, पाणी छताच्या आतून दोन-तीन फूट सरकून बाहेर पडतं. गळणाऱ्या बोल्टभोवती वरून सिलिकॉन फासणं हा वेळकाढूपणा आहे. तो भाग काढा, जुना सीलंट खरवडा, भोक थोडं मोठं करून इपॉक्सीने भरा, सुकल्यावर त्यातच बोल्टच्या मापाचं भोक पाडा आणि ब्युटिल टेप (चिकट रबरी पट्टी) लावून पुन्हा बसवा. अशाने पाणी झिरपलंच तरी डेकच्या आतलं लाकूड कुजत नाही. बोटीतली सगळ्यांत महागडी कुज तीच.

पावसाळ्यात कपाटांची दारं किंचित उघडी ठेवा, गादीखाली हवा जाऊ द्या. शिडं काढून, गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून ठेवा. डोलकाठीवर दोर आपटत असतील तर ते बाजूला ओढून बांधा. शेजाऱ्यांची झोप आणि काठीचा रंग, दोन्ही वाचतात.

एका वेळी एकच काम उघडा

बोटीवर राहत दुरुस्ती करणाऱ्यासाठी माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा नियम हाच. इथे घर आणि वर्कशॉप एकाच खोलीत आहे. इंजिन उघडायचं तर जिना काढावा लागतो, टाकी बघायची तर बिछाना उचलावा लागतो. दोन कामं एकदम उघडली की स्वयंपाक कुठे करायचा आणि झोपायचं कुठे, इथून वाद सुरू होतात. बोटीवरचं राहणं मोडतं ते वादळाने कमी आणि महिनाभर उघड्या पडलेल्या फळ्यांनी जास्त.

एक वही करा. कामं तीन गटांत लिहा: जे बिघडल्यास बोट बुडेल किंवा जळेल, जे बिघडल्यास बोट चालणार नाही, आणि बाकीचं. पहिला गट संपल्याशिवाय तिसऱ्याला हात लावायचा नाही, वार्निशचा कितीही मोह झाला तरी. काम सुरू करण्यापूर्वी त्याला लागणारा प्रत्येक बोल्ट, गॅस्केट, सीलंट बोटीवर आलेला असावा. आणि संध्याकाळी एका ठरलेल्या वेळी हत्यारं उचलायची, फळ्या बसवायच्या, ओटा पुसायचा. काम अर्धं राहिलं तरी.

स्वयंपाकाचा गॅस पहिल्या गटात येतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला की खाली बिल्जमध्ये साठून राहतो. सिलिंडर डेकवर, तळाशी बोटीबाहेर निचरा असलेल्या कप्प्यातच ठेवा आणि वापर झाला की सिलिंडरवरच बंद करा. जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

इंजिन आणि मिस्त्री

केरळात ९ जूनच्या मध्यरात्रीपासून ३१ जुलैपर्यंत, ५२ दिवस, ट्रॉलिंगला, म्हणजे यांत्रिक बोटींनी जाळं ओढत करायच्या मासेमारीला, बंदी असते. ट्रॉलर याच काळात दुरुस्तीला लागतात आणि डिझेलचे चांगले मिस्त्री तिकडे गुंतलेले असतात. म्हणून मिस्त्रीकडचं काम मेमध्येच उरका. या माणसांना कमी लेखू नका. शिडाच्या बोटीवर ते चढले नसतील, पण डिझेल पंप, शाफ्ट आणि समुद्राचं पाणी यांची त्यांना पक्की जाण असते.

स्वतः करायचं ते एवढं: तेल आणि फिल्टर बदलणं, डिझेलच्या वॉटर सेपरेटरमधून पाणी काढणं, टाकी भरलेली ठेवणं म्हणजे आत दव साठत नाही, आणि पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पाकळ्यांचं चक्र, तपासणं. त्याची एखादी पाकळी तुटलेली दिसली तर नवा इम्पेलर बसवून गप्प बसू नका. तुटलेला तुकडा पुढे इंजिन थंड करणाऱ्या हीट एक्स्चेंजरमध्ये अडकलेला असतो, तो शोधून काढा. पावसाळ्यात वेंबनाड सरोवराकडून जलपर्णीचे पुंजकेच्या पुंजके कोची बंदरात वाहत येतात. त्या दिवसांत इंजिन लावण्याआधी पाण्याची गाळणी बघायची, आणि चालू केल्यावर धुराड्यातून पाणी पडतंय ना, याची खात्री करायची.

डोलकाठी आणि तारा

काठीला धरणाऱ्या तारांवरून खालून वर टिश्यूपेपर फिरवा. कागदाचा धागा अडकला की तिथे तारेचा एक पेड तुटलाय, आणि ती तार बदलायची. तारेच्या टोकांचे दाबलेले जोड भिंगाने बघा. केसाएवढी चीर दिसली तरी तोच निकाल. या तारा ज्यांना अडकवलेल्या असतात त्या डेकमधून खाली जाणाऱ्या स्टीलच्या पट्ट्या जिथे दिसत नाहीत तिथेच कुजतात, कारण ओल असून हवा नसलेल्या फटीत स्टेनलेसही गंजतं.

बोट बाहेर काढणं

उष्ण पाण्यात बार्नेकल, म्हणजे तळाला चिकटणारे कवचाचे जीव, भराभर चढतात, म्हणून वर्षाकाठी एकदा तळ बघायचाच. बोट बाहेर असताना सीकॉक, शाफ्टचं बेअरिंग, ॲनोड आणि हे जीव चढू नयेत म्हणून लावायचा अँटीफाउलिंग रंग, सगळं एका खेपेत उरका, कारण यार्डाचं भाडं रोज चढतं. शक्य असेल तर त्या दिवसांत जमिनीवर खोली घ्या. टेकूंवर उभ्या बोटीत सिंक आणि संडास वापरता येत नाही, आणि रात्री शिडीवरून चढ-उतार धोक्याची असते. टेकू तुम्ही स्वतः कधीही हलवू नका. ते यार्डातल्या माणसांचं काम.

पाण्यात उतरवताना बोट उचलणारे क्रेनचे पट्टे सोडण्याआधी आत जाऊन प्रत्येक सीकॉक आणि ग्लँड बघा. गळत असेल तर तिथेच पुन्हा उचलायला सांगता येतं. त्यानंतर लगेच लांबचा पल्ला नको. पावसाळा ओसरल्यावर एक स्वच्छ दिवस निवडा, बंदराबाहेर अर्धा दिवस शिडावर आणि तासभर इंजिनवर चालवा, बिल्जची फळी उघडी ठेवून. संध्याकाळी परत या आणि जे सैल झालं, गळलं, वाजलं ते वहीत लिहून दुसऱ्या दिवशी कामाला लागा.