रेटिनोस्कोपीच्या पहिल्या प्रात्यक्षिकाआधी

रेटिनोस्कोपी म्हणजे डोळ्यात प्रकाशाची रेघ टाकून, आतून परत येणाऱ्या चमकेच्या हालचालीवरून चष्म्याचा नंबर काढणं. विद्यार्थ्यांच्या पहिल्या प्रात्यक्षिकात आकडे चुकतात ते हात बसलेला नसतो म्हणून, असं वाटतं. पण बऱ्याचदा कारण डोळ्यापासूनचं अंतर किंवा स्लीव्ह (उपकरणावरची वर-खाली सरकणारी नळी) असतं, आणि ही दोन्ही कारणं आदल्या दिवशीच निकालात काढता येतात.

सगळे रेटिनोस्कोप रात्रभर चार्जिंगला लावा. सकाळी प्रत्येकाची स्ट्रीक, म्हणजे प्रकाशाची रेघ, भिंतीवर पाडून बघा. रेघ वाकडी दिसली तर बल्बमधली तार वाकलेली असण्याची शक्यता मोठी, तेव्हा बल्ब बदला आणि एक-दोन जास्तीचे हाताशी ठेवा. मग स्लीव्ह तपासा. काही उपकरणांत ती वर असताना प्रकाश पसरत जातो, काहींत खाली असताना. स्लीव्ह एका टोकाला नेऊन भिंतीपासून हळूहळू मागे सरका, मग दुसऱ्या टोकाला नेऊन तेच करा. ज्या टोकाला रेघ रुंदच होत जाते, कुठेच बारीक होत नाही, ते आपलं टोक. तिथे रंगीत चिकटपट्टीची खूण करा. ही खूण नसली की कुणाची तरी स्लीव्ह उलट्या टोकाला राहते, विथ हालचाल (चमक रेघेच्याच दिशेने सरकणं) अगेन्स्ट (उलट दिशेने) दिसते आणि बिचारा तासभर मायनस भिंगं चढवत बसतो.

प्रत्येक हँडलला 67 सेंटिमीटरची न ताणणारी दोरी बांधा. या अंतरापोटी मिळालेल्या नंबरातून 67 ला 1.50 डायॉप्टर (भिंगाच्या ताकदीचं एकक) वजा होतात, 50 ला 2.00. हात आखूड असेल त्याला 50 ची दोरी द्या, पण त्याच्या कागदावर वजाबाकीचा आकडा ठळक लिहून ठेवा. रिफ्लेक्स (बाहुलीतली चमक) अंधूक दिसला की माणूस नकळत पुढे झुकतो. 67 धरून 57 वर बसला तरी पाव डायॉप्टर गेला.

मॉडेल आयच्या (सरावाच्या कृत्रिम डोळ्याच्या) नंबराच्या पट्टीवर विश्वास नको. पट्टी शून्यावर ठेवून 67 सेंटिमीटरवरून +1.50 चं भिंग लावा. न्यूट्रल (चमक न सरकता बाहुली एकदम भरणं) आलं नाही तर जेवढा फरक पडतो तेवढा मॉडेलच्या तळाशी लिहा. मग पट्टी कागदाने झाका, नाहीतर पोरं आधी आकडा वाचतात आणि तोच त्यांना 'दिसतो'. बाहुली आधी मोठी ठेवा, नंतर 3 मिलिमीटर. पहिल्या दिवशी फक्त स्फेरिकल (सगळ्या दिशांना सारखा) नंबर, सिलिंडर (एका दिशेपुरता) नंतर.

ट्रायल सेटमधली (तपासणीच्या भिंगांच्या पेटीतली) भिंगं पुसून जागच्या जागी लावा. प्लसच्या खाचेत मायनस सापडणं अगदी नेहमीचं.

खोलीत काळोख नको, अंधूक उजेड पुरे. भिंगावरचा आकडा वाचता यायला हवा.

शेवटच्या अर्ध्या तासात एकमेकांचे डोळे तपासायचे असतील तर ज्याचा डोळा तपासायचा त्याला बघायला 6 मीटरवर एक मोठं अक्षर लावा. तरुण डोळा जवळचा प्रकाश बघू लागला की अकोमोडेशन होतं (डोळा जवळचं बघायला फोकस बदलतो) आणि रिफ्लेक्स सारखा बदलतो. म्हणून उजवा डोळा उजव्या डोळ्याने, डावा डाव्याने तपासायचा, म्हणजे तपासणाऱ्याचं डोकं अक्षराच्या आड येत नाही. फार बाजूला सरकलं की नसलेला सिलिंडर दिसतो, त्यामुळे खुर्च्या आधीच मांडून जमिनीवर खडूने जागा आखा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना डबी आणि सोल्यूशन आणायला आदल्या दिवशी सांगा. बाहुली मोठी करणारे थेंब या सत्रात नकोतच.