शाळेत नाहीतर सोसायटीत वादविवाद ठेवताय? मग हे बघा

सगळ्यात आधी विषय, कारण 'मोबाईल शाप की वरदान' असलं काही दिलंत की पोरं मागच्या वर्षीचं पाठांतर म्हणून दाखवणार. त्यापेक्षा जवळचा आणि खरंच दोन बाजू असलेला घ्या, उदा. 'आठवीपर्यंत गृहपाठ बंद करावा' किंवा सोसायटीत असाल तर 'गणपतीची वर्गणी सक्तीची नको'. प्रश्न नको, सरळ विधान द्या, म्हणजे अनुकूल कोण प्रतिकूल कोण यात घोळ होत नाही.

बाजू चिठ्ठी काढून द्या, तीही आदल्या दिवशी. आठवडाभर आधी दिली की भाषण आईबाबा लिहितात हो, आणि ते लगेच कळतं, पाचवीतला पोरगा 'सद्यस्थितीचा साकल्याने विचार करता' म्हणायला लागतो 😄

वेळ चार मिनिटं. तिसऱ्याला एक घंटा, चौथ्याला दोन, मग परीक्षकांचा भाचा असला तरी थांबवायचं. खरी मजा खंडनात आहे, त्याला प्रत्येकी दीड मिनिट ठेवाच आणि जास्त मार्क तिथे द्या, हातवाऱ्यांना नको. समोरच्याचा मुद्दा आधी आपल्या शब्दात सांगायचा आणि मगच खोडायचा, हा एक नियम केला तरी आरडाओरडा बराच कमी होतो.

माईकची उंची आधीच बघून ठेवा.

गावात मोठ्यांसाठी ग्रामसभा आहेच, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरला सहसा असतेच. तिथे विषय आधी लेखी द्या आणि बोलून झालं की मुद्दा प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या लेखी नोंदवहीत, उतरला का ते तिथल्या तिथे वाचून घ्या.